तुळईची खालची कड

कॅनडात व्हँकुव्हरला लागून बर्नबी नावाचं शहर आहे. तिथे २३ एप्रिल १९८८ या शनिवारी सकाळी ‘सेव्ह-ऑन-फूड्स’ या साखळीच्या एका नव्या, भल्यामोठ्या दुकानाचं उद्घाटन होतं. दुकानाचं छत म्हणजेच गाड्या लावायची जागा. खाली गिऱ्हाइकांची गर्दी आणि वर गाड्यांची रांग, असं ते दृश्य होतं. नऊच्या सुमारास आत एक मोठा आवाज झाला. छताजवळचा पाण्याचा पाइप फुटला. वर पाहिलेल्यांना एका स्तंभावरची पोलादी तुळई वाकडी झालेली दिसली. लोकांना घाईघाईनं बाहेर काढायला सुरुवात झाली आणि काही मिनिटांतच छताचा मोठा भाग वरच्या गाड्यांसकट दुकानात कोसळला. माणसं जखमी झाली, पण जीव कुणाचाही गेला नाही. त्या मोजक्या मिनिटांत ज्यांनी प्रसंगावधान राखलं, त्यांचं हे श्रेय.

प्रांतिक सरकारनं डॅन क्लॉस्की यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. तांत्रिक तपासातून मुख्यतः दोन दोष समोर आले. पहिला, तुळई तिच्यावर येणाऱ्या भाराच्या मानानं लहान होती. हा कुणालाही कळेल. दुसरा दोष असा की ती तुळई ज्या स्तंभावरून पुढे जात होती तिथे तिच्या खालच्या कडेला आणि स्तंभाच्या माथ्याला बाजूनं धरून ठेवणारं काही नव्हतं. हे ऐकून सामान्य माणूस थबकतो. भार तर वरून खाली येतो, मग तुळईला बाजूनं धरायची गरज काय? आणि धरायचंच तर वरून धरलं होतं की, छताचे सगळे जॉइस्ट, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या कांबी, तिच्याच डोक्यावर टेकले होते. खालची कडच का महत्त्वाची ठरली?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. पोलादी इमारतींच्या पडझडीची एक अख्खी जातच्या जात अशी आहे, जिथे हिशेबाच्या कागदावर तुळई भक्कम असते आणि प्रत्यक्षात ती बाजूला पडते.

घरातली शाळकरी प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. आडवी धरून तिच्यावर बोट दाबलं तर ती सहज वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरा, एक टोक घट्ट पकडा आणि दुसऱ्या टोकाला खाली दाबत जा. ती खाली वाकायला तयार नसते. दाब वाढवत नेला की अचानक ती खाली जायच्याऐवजी बाजूला वळते आणि वळता वळता पिळवटते. तुम्ही बाजूला ढकललं नव्हतं, सगळा जोर खालच्याच दिशेनं होता. तरी पट्टीनं स्वतःला सोपी असलेली वाट शोधली. अभियंते याला लॅटरल टॉर्शनल बकलिंग म्हणतात, म्हणजे बाजूला सरकणं आणि पिळवटणं एकाच वेळी घडणं.

कारण शोधायला तुळईच्या आत काय चाललंय ते पाहावं लागतं. दोन टोकांवर टेकलेली तुळई भारानं खाली वाकली की तिची वरची बाजू आखडते आणि खालची लांबते. वर दाब, खाली ताण. पोलादी तुळई इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराची असते ती यासाठीच. वर आणि खाली आडव्या पट्ट्या, त्यांना फ्लँज म्हणायचं, आणि दोन्ही जोडणारा उभा पत्रा म्हणजे वेब. दाब आणि ताण यांचा बहुतेक वाटा फ्लँज उचलतात. म्हणजे वरचा फ्लँज हा खरं तर आडवा झोपवलेला, लांब, बारीक खांब झाला. बारीक खांबावर टोकाकडून दाब आला की तो मोडण्याआधी वाकून बाजूला जातो, हे गणित लिओनार्ड ऑयलरनं १७४४ मध्येच मांडलं होतं. फ्लँजला वर-खाली जाता येत नाही, वेब त्याला धरून ठेवतो. उरते बाजूची दिशा. पण खालचा फ्लँज ताणात असल्यामुळे सरळ राहू पाहतो. वरचा सरकतो, खालचा जागेवर थांबतो, आणि अख्खी तुळई पिळवटते.

आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी आयएसएमबी ३०० ही तुळई घ्या. तिची उंची ३०० मिलिमीटर आणि फ्लँजची रुंदी १४०. उभ्या दिशेनं वाकायला ती जितका विरोध करते, त्याच्या सुमारे १९ पट कमी विरोध ती आडव्या दिशेनं करते. आकार उभ्या भारासाठी कमावलेला असतो आणि ती कमाई आडव्या दिशेचा ताठरपणा खर्चून केलेली असते. आता ही तुळई ६ मीटर अंतरावर टेकवली, मध्ये कुठेही बाजूनं धरली नाही आणि लांबीभर सारखाच वाकवणारा जोर, म्हणजे मोमेंट, लावला, तर आयएस ८०० या आपल्या पोलाद-संहितेच्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे तिची मान्य क्षमता येते सुमारे ५६ किलोन्यूटन-मीटर. तीच तुळई लांबीभर पक्की धरली असेल तर क्षमता सुमारे १४८. पोलाद तेच, वजन तेच, किंमतही तीच, पण बाजूच्या आधाराविना जवळजवळ तीन पंचमांश ताकद निरुपयोगी. मधोमध एकाच ठिकाणी बाजूनं धरलं की आकडा १०७ च्या आसपास चढतो. एका छोट्या अँगलच्या तुकड्यानं एवढा फरक पडतो. पोलादी बांधकामात इतक्या स्वस्तात इतकं देणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही.

तुळईच्या या बाजूला वळून पिळवटण्याचं गणित सुटलं ते १८९९ मध्ये, एकाच वर्षी, एकमेकांची खबर नसलेल्या दोन तरुणांच्या हातून. मेलबर्नमध्ये अँथनी मिशेल आणि म्युनिकमध्ये लुडविग प्रांटल. प्रांटलचा तो डॉक्टरेटचा प्रबंध होता. हाच माणूस पुढे विमानविद्येतला, हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारा थोर शास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झाला. दोघांनीही अरुंद आयताकृती पट्टीचा, म्हणजे आपल्या फूटपट्टीचाच प्रश्न सोडवला. आय आकाराच्या तुळईत फ्लँजमुळे पिळाला आणखी एक विरोध होतो. त्याची भर घालून सूत्र पुढे नेलं स्टीफन टिमोशेंको यांनी, १९०५ मध्ये. आजच्या संहितांमधली सूत्रं त्याच वंशातली आहेत.

आतापर्यंतची गोष्ट दोन टोकांवर टेकलेल्या साध्या तुळईची. तिच्यात दाब कायम वरच. आणि वर तर स्लॅब असतो, पत्रा असतो, पत्र्याखालच्या आडव्या कांबी म्हणजे पर्लिन असतात. घराच्या काँक्रीट स्लॅबखालची पोलादी तुळई बाजूला पडायचं नाव घेत नाही, कारण स्लॅब तिचा वरचा फ्लँज जखडून ठेवतो. हे इतकं सहज घडतं की बाजूच्या आधाराचा विचार करायची सवयच मोडते.

सलग तुळईत चित्र पालटतं. सलग तुळई म्हणजे मधल्या खांबांवर न तुटता पुढे जाणारी. समजा ८-८ मीटरचे दोन सारखे गाळे आहेत आणि एकच तुळई तिन्ही आधारांवरून गेली आहे. गाळ्याच्या मध्ये ती खाली झोल घेते, मधल्या खांबावर मात्र तिला उलटं, पाठ वर काढून वाकावं लागतं. तिथे वरचा फ्लँज ताणात जातो आणि खालचा दाबात. भार सारखा पसरलेला असेल तर मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना गाळ्याच्या पाव लांबीपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात २-२ मीटरपर्यंत, खालचा फ्लँज दाबाखाली असतो. दोन गाळ्यांच्या तुळईत सर्वांत मोठा मोमेंटही नेमका तिथेच, खांबावर असतो. गाळ्यामधला जास्तीत जास्त मोमेंट त्याच्या साधारण ५६ टक्केच. म्हणजे तुळईवर सर्वांत जास्त बोजा जिथे येतो, तिथेच दाबातली कड खाली असते आणि स्लॅब, पत्रा, पर्लिन हे सगळं वर. तिला धरायला कुणी नाही.

मग सलग तुळई करायचीच कशाला? फायदे मोठे आहेत म्हणून. दोन गाळ्यांची सलग तुळई केल्यानं झोल साध्या तुळईच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होतो. त्याही पुढची युक्ती एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता हाइनरिश गेर्बर यांनी पुलांसाठी काढली. सलग तुळईत मोमेंट काही जागी शून्य होतोच, मग त्याच जागी बिजागरीसारखा साधा जोड द्या. खांबावरून पुढे डोकावणाऱ्या तुळया आणि त्यांच्या टोकांवर टेकलेले मधले तुकडे, अशी रचना. जोडांची जागा नीट निवडली तर खांबावरचा आणि गाळ्यामधला मोमेंट सारखा येतो, आणि तो साध्या तुळईतल्या मोमेंटच्या बरोबर निम्मा भरतो. शिवाय कारखान्यातून तुकडे बनवून आणून जागेवर बोल्ट आवळायचे, खांबावर अवघड जोड करायचे नाहीत. कॅनडात दुकानांच्या, गोदामांच्या सपाट छतांसाठी ही पद्धत फार लोकप्रिय झाली. बर्नबीच्या दुकानाचं छतही असंच होतं.

त्या छतात तुळई खांबाच्या माथ्यावर टेकून पलीकडे जात होती आणि जॉइस्ट तुळईच्या वरच्या फ्लँजवर बसले होते. जॉइस्टनी वरची कड धरली. पण खांबाजवळ ती कड ताणात होती, तिला धरायची निकड नव्हती. खालची, दाबातली कड आणि तिच्याखालचा खांबाचा माथा हे दोन्ही एकमेकांवर ठेवलेले आणि बाजूला मोकळे. इथे आणखी एक धोका जमून येतो, आणि साध्या हिशेबात तो दिसतच नाही. खांबाला आपण मनात ‘आधार’ म्हणून गृहीत धरतो, तो जागचा हलणार नाही असं मानतो. पण खांबही वरून दाबाखाली असतो आणि त्याचा माथा बाजूला सरकू नये यासाठी त्याला तुळईचाच भरवसा असतो. तुळईची खालची कड खांबावर विसंबून, खांबाचा माथा तुळईवर विसंबून, आणि दोघांनाही तिसऱ्या कुणी धरलेलं नाही. अशा जोडीत एकानं तोल सोडला की दुसरा त्याच्याबरोबर जातो.

उपाय किती छोटा होता हे पाहिलं की जीव हळहळतो. खांबावरून जाणाऱ्या जॉइस्टची खालची कड पुढे वाढवून ती खांबाच्या माथ्याशी किंवा तुळईच्या खालच्या फ्लँजशी जोडता येते. नाहीतर जॉइस्टपासून तिरका अँगल खाली आणून फ्लँजला बोल्ट करता येतो. सोबत खांबाच्या बरोबर वर तुळईच्या वेबला दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या, म्हणजे स्टिफनर, वेल्ड केल्या की वेब लचकत नाही. ही सगळी कामं अख्ख्या छताच्या पोलादाच्या वजनात कुठे हरवतील तेही कळणार नाही.

या प्रकरणानंतर ब्रिटिश कोलंबियात संरचनेच्या आराखड्याची दुसऱ्या, स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी आणि जबाबदारीची लेखी हमी या गोष्टींवर भर आला. मला हा भाग तांत्रिक निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. कारण ब्रेसिंग, म्हणजे बाजूनं धरून ठेवणारा आधार, ही अशी वस्तू आहे की ती कुणाच्याच वाट्याला येत नाही. तुळईचं माप अभियंता ठरवतो, जॉइस्ट दुसरी कंपनी पुरवते, जोडांचे तपशील फॅब्रिकेटरचा ड्राफ्ट्समन काढतो, उभारणी आणखी तिसऱ्याच कंत्राटदाराकडे. तो तिरका अँगल कुणाच्या चित्रात दाखवायचा, हे आधी ठरलेलं नसेल तर तो कुणाच्याच चित्रात येत नाही.

सलग तुळईबद्दल अभियंत्यांमध्येच एक समजूत फार काळ चालत आली, आणि अजूनही अधूनमधून भेटते. ती अशी: खांबावर उलटा मोमेंट, गाळ्यात सुलटा, म्हणजे मध्ये कुठेतरी तो शून्य होतो. तिथे वाकच नाही, तर ती जागा बाजूनं धरलेलीच समजा. मग खालच्या फ्लँजची न धरलेली लांबी मोजायची ती खांबापासून त्या शून्य बिंदूपर्यंतच. आठ मीटरच्या गाळ्यात फक्त दोन मीटर. हिशेब झटक्यात सुटतो आणि ब्रेसिंगही वाचतं.

पण मोमेंट शून्य असण्याचा आणि जागा न हलण्याचा काही संबंध नाही. त्या बिंदूवर तुळईला बाजूला सरकण्यापासून किंवा पिळवटण्यापासून रोखणारी कुठलीही वस्तू नसते. बकलिंग होतं तेव्हा ती जागाही इतर लांबीबरोबर हलते. टेक्सास विद्यापीठातले जोसेफ युरा यांनी तुळयांच्या ब्रेसिंगवर वर्षानुवर्षं काम केलं आणि ही समजूत खोडून काढण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आकड्यांत पाहायचं तर पुन्हा ती सहा मीटरची आयएसएमबी ३०० घेऊ. दोन्ही टोकांना सारखे पण उलटसुलट मोमेंट लावले की शून्य बिंदू बरोबर मध्यावर येतो. मध्यावर कुणीच धरलेलं नाही असं मानून काढलेला बकलिंगचा मोमेंट, आणि तिथे पक्का आधार आहे असं मानून काढलेला मोमेंट, यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. फूटपट्टीसारख्या अरुंद काटछेदात तो दीडपट असतो, रुंद फ्लँज आणि पातळ पत्र्याच्या गर्डरमध्ये तिपटीकडे जाऊ शकतो. म्हणजे या एका गृहीतकापायी सुरक्षिततेसाठी राखलेली सगळी शिल्लक उडून जाऊ शकते, आणि कागदावर काहीच चुकलेलं दिसत नाही.

अमेरिकेच्या पोलाद-बांधकाम संस्थेची संहिता आता स्पष्ट सांगते की त्या जागी खरोखर ब्रेस दिलेला नसेल तर शून्य बिंदूला ब्रेसचा मान द्यायचा नाही. त्यापुढचं कलम तर डोळे उघडणारं आहे. असा उलटसुलट वाक असलेल्या तुळईत शून्य बिंदूच्या सर्वांत जवळचा बाजूचा ब्रेस दोन्ही फ्लँजना जोडलेला हवा आणि त्याची ताकद इतरांपेक्षा दुप्पट धरायची. ज्या जागेला लोक फुकटचा आधार समजत होते, तिथेच जास्त आधार लागतो.

आणखी एक बारकावा. शून्य बिंदू एका जागी थांबतच नाही. वरचा हिशेब दोन्ही गाळ्यांवर सारखा भार असतानाचा. गोदामात एका गाळ्यात पोत्यांची थप्पी लागली आणि दुसरा रिकामा असला तर? तुळईचं स्वतःचं वजन बाजूला ठेवून पाहिलं तर रिकाम्या गाळ्यात उलटा मोमेंट मधल्या खांबापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तिथे खालचा फ्लँज पाव लांबी नव्हे, पूर्ण आठ मीटर दाबात. मोमेंटची तीव्रता कमी असते हे खरं, पण न धरलेली लांबी चौपट होते आणि बकलिंगला लांबी फार प्यारी. म्हणून सलग तुळईचा हिशेब करताना भाराच्या सगळ्या शक्य मांडण्या तपासाव्या लागतात.

मग खरा ब्रेस कशाला म्हणायचं? इथे कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉर्ज विंटर यांचं नाव घेतलंच पाहिजे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दाखवून दिलं की ब्रेसला दोन परीक्षा द्याव्या लागतात: ताकदीची आणि ताठरपणाची. ताकदीची परीक्षा आश्चर्य वाटावं इतकी सोपी असते. आपल्या आयएस ८०० मध्ये दाबाच्या फ्लँजमध्ये जितका जोर असेल त्याच्या निदान अडीच टक्के बाजूचा जोर पेलेल असा आधार मागितला आहे. पूर्ण क्षमतेला पोचलेल्या आयएसएमबी ३०० च्या फ्लँजमध्ये साधारण ५० टनांचा दाब असतो. त्याला जागेवर ठेवायला पुरतो सव्वा टनाच्या आसपासचा जोर, म्हणजे एक साधा अँगल आणि दोन बोल्ट.

ताठरपणाची परीक्षा मात्र फसवी. ब्रेस मजबूत आहे, पण ज्याला तो जोडला आहे तेच डुलत असेल तर उपयोग काय? चार तुळया एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी बांधल्या आणि त्या पट्ट्या कुठल्याच स्थिर जागेला, म्हणजे भिंतीला, स्लॅबला किंवा तिरक्या फुलीच्या ब्रेसिंगला बांधल्या नाहीत, तर चौघी मिळून एकाच बाजूला पडतात. शिवाय कोणतीही तुळई कारखान्यातून तंतोतंत सरळ येत नाही. तिच्यात थोडा वाक असतोच. ब्रेस जेमतेम ताठर असेल तर तो मुळातला वाक भाराखाली वाढत जातो आणि ब्रेसवरचा जोरही वाढत जातो. म्हणून गणिती किमान ताठरपणाच्या निदान दुप्पट ताठरपणा ठेवावा, असं विंटर यांच्या विवेचनातून निघालं आणि संहितांनी ते उचललं.

ब्रेस आहे पण नेमक्या दिशेनं धरत नाही, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराचं क्रीडागृह. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे, बर्फाच्या भाराखाली त्याचं विस्तीर्ण छत कोसळलं. काही तासांपूर्वी तिथे बास्केटबॉलच्या सामन्याला हजारो प्रेक्षक बसले होते. ते छत सलग तुळयांचं नव्हतं, पोलादी कांबींच्या त्रिमितीय जाळीचं होतं, पण दुखणं याच जातीचं. वरच्या थरातल्या दाबातल्या काही कांबी मध्यावर धरलेल्या आहेत असं हिशेबात मानलं होतं. प्रत्यक्षात कडेच्या कांबींचे ब्रेस एकाच दिशेनं धरत होते, दुसऱ्या दिशेनं त्या मोकळ्या होत्या.

फ्लँजला बाजूनं धरण्याऐवजी तुळईला पिळवटूच न देणं हा दुसरा मार्ग. रेल्वेच्या प्लेट गर्डर पुलाखाली उभं राहून वर पाहिलंत तर दोन गर्डरांच्या मध्ये ठरावीक अंतरावर अँगलच्या फुल्या दिसतील. त्या क्रॉस फ्रेम. एका गर्डरची वरची कड सरकायला लागली की फुली तिला खालच्या कडेशी आणि शेजारच्या गर्डरशी बांधून ठेवते. सरकणं आणि पिळवटणं जोडीनंच होत असल्यामुळे एक रोखलं की दुसरंही थांबतं. सलग पुलांमध्ये मधल्या खांबावर, म्हणजे पिअरवर, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे या फुल्या जास्त भरगच्च असतात, कारण तिथे खालची कड दाबात असते.

पूल पुरा झाला की काँक्रीटचा डेक वरच्या फ्लँजना कायमचं धरतो. धोका त्याआधीचा. ओलं काँक्रीट पूर्ण वजन टाकतं, पण आधार काडीचाही देत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या मार्सी इथे १० ऑक्टोबर २००२ रोजी एका पादचारी पुलाच्या पोलादी, वरून उघड्या पेटीसारख्या गर्डरवर काँक्रीट ओतणं चालू होतं. वरच्या कडांना लांबीभर बाजूचं ब्रेसिंग नव्हतं. अख्खा गर्डर पिळवटून उलटला आणि एका कामगाराचा जीव गेला. कॅनडातच एडमंटन शहरात मार्च २०१५ मध्ये नव्या पुलाचे काही गर्डर उभारणीच्या वेळीच बाजूला वळून गेले, तेव्हा त्यांच्यावर काँक्रीटसुद्धा नव्हतं. छायाचित्रांत ते जाडजूड गर्डर नागमोडी झालेले दिसतात. क्रेननं पहिले एक-दोन गर्डर ठेवल्यानंतर आणि त्यांच्यातल्या फुल्या बसण्याआधीचा काळ हा पुलाच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ असतो.

आपल्या औद्योगिक वसाहतींमधल्या शेडना हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. चाकणला, बुटीबोरीला, वाळूजला रस्त्यानं जाताना जी प्री-इंजिनिअर्ड शेड उभी राहताना दिसतात, त्यांची चौकट म्हणजे खांब आणि राफ्टर, म्हणजे छताची उतरती तुळई, यांचा अखंड सांगाडा. राफ्टर खांबाला जिथे मिळतो त्या कोपऱ्यात आतली, म्हणजे खालची कड दाबात असते. पर्लिन आणि पत्रा मात्र बाहेरच्या कडेवर. म्हणून पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या कडेपर्यंत एक छोटा तिरका अँगल दिलेला असतो. शेडवाले त्याला फ्लँज ब्रेस म्हणतात. कोपऱ्यात हे ब्रेस का, ते आता कळलं असेल. पण ते राफ्टरच्या मध्यभागीही दिलेले दिसतात, आणि तिथे तर दाब वरच्या कडेत असतो ना?

त्याचं कारण वारा. पत्र्याचं छत हलकं असतं. जोराचा वारा छतावरून जाताना त्याला वर ओढतो आणि ही ओढ छताच्या वजनापेक्षा जास्त होऊ शकते. मग मोमेंट उलटा होतो. राफ्टरच्या मधल्या भागात आतापर्यंत ताणात असलेली खालची कड दाबात जाते. पत्र्याच्या छताच्या कैचीतही खालची कांब अशीच एरवी ताणात असते, म्हणून ती बारीक ठेवण्याचा मोह होतो. वादळात तिलाच दाब सोसावा लागतो आणि तेव्हा तिला बाजूनं धरणारे आडवे बांध लागतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर कोकणात तरी वाऱ्याची ही उलटी ओढ हिशेबात धरण्याबद्दल कुणाला समजवावं लागू नये.

शेडमधल्या फ्लँज ब्रेसचं दुर्दैव असं की ते उभारणीनंतर बऱ्याचदा काढून टाकले जातात. वातानुकूलनाची डक्ट न्यायची असते, केबल ट्रे बसवायचा असतो, रॅक एक फूट उंच हवा असतो, आणि तो तिरका तुकडा आडवा येतो. गॅस कटर चालवायला दोन मिनिटं पुरतात. कापल्यावर काहीच घडत नाही, शेड तशीच उभी असते, कारण रोजच्या भाराला ती पुरून उरते. तिची खरी परीक्षा घेणारा वारा कदाचित कित्येक वर्षांनी येतो, आणि तोवर ब्रेस कापल्याचं कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं. शेडचा मालक असाल किंवा देखभाल पाहत असाल तर मूळ नकाशा घेऊन वर एकदा नजर टाका. नकाशात जिथे ‘एफबी’ अशी खूण आहे तिथे अँगल आहे का, त्याचे दोन्ही बोल्ट जागेवर आहेत का, एवढंच पाहायचं आहे. नसेल तर नवा बसवून घ्या, आणि डक्ट खरंच आड येत असेल तर कापण्याआधी अभियंत्याला बोलवा. त्याच राफ्टरच्या दुसऱ्या बाजूनं किंवा शेजारच्या पर्लिनवरून तो बहुतेक वेळा देता येतो.